डिस्प्ले येत नाही : प्रोसेसर बदलण्याच्या धंद्याचा मागोवा

प्रोसेसर बदलल्यावर संगणक सुरू झाला नाही, की पहिला संशय नव्या प्रोसेसरवर जातो. तो बहुधा निर्दोष निघतो. संगणकातल्या सुट्या भागांत सर्वांत कमी बिघडणारा भाग तोच. खोट असते ती प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांच्या जुळणीत. बोर्ड त्याला हवे ते व्होल्टेज देत नाही, किंवा चुकीचा वेग ठरवून देतो, किंवा त्याला ओळखतच नाही. कोणत्या बोर्डावर कोणता प्रोसेसर चालतो ही माहिती गेल्या चाळीस वर्षांत एका जागी टिकलेली नाही. आधी ती कारागिराजवळच्या कागदावर होती, मग बोर्डावरच्या चिपमध्ये गेली आणि पुढे कंपन्यांच्या याद्यांत. दुरुस्तीचा धंदा तिच्या मागून फिरत राहिला. बाजारापासून लांब असलेल्या गावांना या फिरतीची झळ जास्त लागली.

धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातले अणदूर हे असे एक गाव. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्गाजवळ ते वसले आहे. मोठी बाजारपेठ म्हणजे सोलापूर, पन्नासएक किलोमीटरवर. सोलापूरच्या दुकानदाराकडे माल येतो पुण्या-मुंबईहून. मुंबईत त्याचे मूळ ठिकाण ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण बिलांवरही जुनेच नाव छापले जाते. म्हणजे लॅमिंग्टन रोडच्या गल्ल्यावर जो प्रश्न एका वाक्यात सुटे, त्यासाठी इकडच्या गावात एसटीची एक खेप पडे आणि चुकीचा भाग आला तर दुसरी.

आयबीएमचा पीसी १९८१ साली आला. त्यात इंटेलचा ८०८८ हा ४.७७ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता. आयबीएम स्वतः १९७८ मध्येच भारतातून बाहेर पडली होती, त्यामुळे भारतात पीसी रुजला तो देशी कंपन्यांच्या आणि पुढे गल्लोगल्लीच्या जुळणीकारांच्या हातून. १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने सुट्या भागांची आयात सोपी झाली. तैवानचा बोर्ड, इंटेलचा प्रोसेसर आणि मिळेल ते कॅबिनेट एकत्र करून विकलेले ‘असेम्बल्ड’ मशीन ब्रँडेड मशीनपेक्षा बरेच स्वस्त पडे. नव्वदच्या दशकात भारतात विकल्या गेलेल्या संगणकांचा मोठा हिस्सा अशाच मशीनांचा होता. प्रोसेसर बदलण्याचा धंदा त्यातूनच उभा राहिला. जे मशीन दुकानदाराने स्वतः जोडले, ते उघडून त्यातला एक भाग बदलायला त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती.

या धंद्यात शिरलेल्या पहिल्या पिढीकडे पदवी क्वचित असे. रेडिओ, टीव्ही आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारी मुले संगणकाकडे वळली. सर्वांत ठळक मराठी उदाहरण कैलाश काटकर यांचे. दहावीनंतर शिक्षण सोडून त्यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली, १९९० च्या सुमारास पुण्यात स्वतःचे दुरुस्तीचे दुकान टाकले आणि १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू केली. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनांत विषाणू सापडू लागले, तेव्हा धाकटे बंधू संजय यांनी त्यावर प्रोग्राम लिहिले आणि त्यातून क्विक हील उभी राहिली. कंपनीची कीर्ती अँटिव्हायरसची असली, तरी तिचा जन्म स्क्रू ड्रायव्हर आणि सोल्डरिंग गनच्या टेबलावर झाला.

त्या टेबलावर प्रोसेसर बदलणे म्हणजे जंपर बसवणे. बोर्डावर दोन-दोन, तीन-तीन पितळी काट्यांच्या ओळी असत. त्यांतल्या कोणत्या दोन काट्यांवर प्लॅस्टिकची इवलीशी टोपी चढवायची, यावर बोर्डाचा वेग, गुणक आणि व्होल्टेज ठरे. १९९५ नंतरच्या सॉकेट ७ या खोबणीच्या बोर्डांनी या कलेचा कळस गाठला. एकाच सॉकेटात इंटेलचा पेंटियम, एएमडीचा के५ किंवा के६ आणि सायरिक्सचा ६एक्स८६ बसे. साध्या पेंटियमला सुमारे ३.३ व्होल्ट लागत. जानेवारी १९९७ मध्ये आलेल्या पेंटियम एमएमएक्सच्या गाभ्याला २.८ व्होल्ट लागत आणि बाहेरच्या जोडण्यांना ३.३. जुन्या बोर्डावर एकच व्होल्टेज मिळण्याची सोय असेल, तर एमएमएक्स त्यात नीट बसे, काही वेळ चालेही, आणि तापून मरे. के६ चा २३३ मेगाहर्ट्झचा नमुना ३.२ व्होल्ट मागे आणि पुढचा के६-२ फक्त २.२. वरून पाहता सगळे सारखेच, ३२१ छिद्रांच्या त्याच चौकटीत बसणारे.

गुणकाचा घोटाळा याहून मजेशीर होता. २३३ मेगाहर्ट्झसाठी बोर्डाच्या ६६ मेगाहर्ट्झ वेगाला साडेतीनने गुणावे लागे, पण जुन्या बोर्डावर साडेतीनची सोयच नव्हती. म्हणून इंटेलने एमएमएक्सला असे शिकवले, की बोर्डाने दीडपट सांगितले की त्याने साडेतीनपट समजायचे. के६-२ च्या नंतरच्या नमुन्यांत दुप्पट सांगितले की सहापट समजले जाई. हे छापील माहितीपत्रकात असेलच असे नव्हते. ते एकमेकांना विचारून कळे. बोर्डाबरोबर आलेली पातळ पुस्तिका जपून ठेवणारा दुकानदार त्या काळात खरा भांडवलदार होता. पुस्तिका हरवली, की बोर्डावर छापलेली बारीक अक्षरे भिंगातून वाचायची; तीही नसतील तर अंदाजाने जंपर लावायचे आणि धूर निघतो का ते पाहायचे.

गावाकडच्या मशीनांत प्रोसेसर बदलायचा पण बोर्ड ठेवायचा, हा हट्ट निव्वळ काटकसरीचा नव्हता. लग्नपत्रिका आणि हँडबिले छापणाऱ्या डीटीपी केंद्रांकडे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी हे मराठी अक्षरांचे सॉफ्टवेअर असे आणि त्याचे कुलूप, म्हणजे डोंगल, प्रिंटरच्या पोर्टला लावलेले असे. जुना बोर्ड, जुने विंडोज आणि ते कुलूप यांची घडी बसलेली असताना बोर्ड बदलणे म्हणजे सगळा संसार नव्याने मांडणे. प्रोसेसर बदलला की निदान पाने जुळवण्याचे पेजमेकर थोडे लवकर उघडे.

अशा मशीनची नवा प्रोसेसर टाकल्यावर जी तक्रार येई, ती महाराष्ट्रभर एकाच शब्दांत येई : डिस्प्ले येत नाही. बटण दाबले की पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळा. यावर कारागिराने बसवलेली तपासणीची पद्धत पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यात उपकरणे जवळजवळ लागत नाहीत.

सुरुवात एसएमपीएसपासून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यापासून. त्याची मोठी पिन बोर्डातून काढायची आणि हिरवी व काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडायची. एसएमपीएसचा पंखा फिरला तर निदान तो पूर्ण मेलेला नाही. लोड आल्यावर बसणारा एसएमपीएस या परीक्षेतून सुटतो, म्हणून शंका राहिल्यास दुसरा लावून बघायचा. पेंटियम ४ बरोबर २००० च्या अखेरीस प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची वेगळी चौकोनी चार पिनांची जोडणी आली, आणि बोर्डावरून डिस्प्ले गायब होण्याचे एक नवे, हास्यास्पद कारण जन्माला आले : ती जोडायची राहून जाणे. ती नसली तरी पंखे फिरतात, दिवे लागतात, सगळे ठीक दिसते. फक्त प्रोसेसर उपाशी असतो. जुन्या एसएमपीएसला ही पिनच नसे, तेव्हा प्रोसेसरच्या खर्चात एसएमपीएसचा खर्चही मिसळे.

मग कान लावायचा. बोर्डाच्या स्पीकरमधून येणारी बीप ही या तपासणीची किल्ली. चालू होताच प्रोसेसर एका ठरलेल्या पत्त्यावरून, म्हणजे बायोसच्या चिपमधून, पहिली सूचना उचलतो आणि तिथून पुढचा प्रोग्राम चालवत सुटतो. बीप वाजवण्याचा हुकूमही त्याच प्रोग्रामात आहे. म्हणून बीप वाजली, भले ती तक्रारीची असो, तर प्रोसेसर जिवंत आहे आणि बायोस त्याला चालवतो आहे. अवॉर्ड बायोसची एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार; तेव्हा प्रोसेसर सोडून कार्ड बघायचे. काहीच वाजत नसेल तर कारागीर मुद्दाम रॅम काढून टाकतो. रॅम नसताना बोर्ड ओरडला, तर प्रोसेसर आणि बायोस दोन्ही ठीक आहेत. अशा वेळी खिशातले खोडरबर बाहेर येते. रॅमच्या सोनेरी पट्ट्या त्याने घासून परत बसवल्या की अनेक ‘मेलेली’ मशीने उठतात. प्रोसेसर बदलताना बोर्डाला बसलेल्या हिसक्याने रॅम जागची हलली होती, एवढेच. रॅम काढूनही शांतता असेल, तर दोष तीन जागी उरतो : प्रोसेसरला वीज पोचत नाही, तो नीट बसलेला नाही, किंवा बायोसला त्याचे काही कळत नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे डिबग कार्ड. पीसीआय खाचेत बसणाऱ्या या छोट्या कार्डावर दोन अंक उजळतात. बायोस एकेक टप्पा पार करताना ठरलेल्या पोर्टवर आकडा लिहितो, तोच तिथे दिसतो. शेवटचा आकडा कोणता यावरून गाडी कुठे अडली ते कळते. पहिल्यापासून शून्य-शून्य किंवा एफएफच दिसले, तर प्रोसेसरने एकही सूचना चालवलेली नाही. या कार्डाने कारागिराच्या कानाचे काम डोळ्याकडे दिले, तरी रॅम काढून बघणारे आजही रॅमच काढतात.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी जंपर मागे पडले. पेंटियम २ च्या काळात प्रोसेसर आपल्या काही पिनांवरूनच बोर्डाला सांगू लागला, की मला इतके व्होल्ट हवेत. चुकून जाळण्याचा धोका त्यामुळे खूप कमी झाला. पण ज्ञान आता दुकानदाराच्या पुस्तिकेतून उठून बायोसच्या चिपमध्ये आणि बोर्डाच्या वीज-मंडलात जाऊन बसले, जिथे ते डोळ्याला दिसत नाही. सॉकेट ३७० हा याचा पहिला मोठा धडा. त्यात आधी सेलेरॉन बसला, मग १९९९ च्या अखेरीपासून कॉपरमाइन पेंटियम ३, मग २००१ मध्ये ट्युलाटिन. छिद्रे तितकीच, माप तेच. तरी सेलेरॉनसाठी बनलेल्या अनेक बोर्डांवर कॉपरमाइन उठत नसे आणि कॉपरमाइनच्या बोर्डांवर ट्युलाटिन. काहीही जळत नसे, काहीही वाजत नसे. काळ्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाला बसणे आणि चालणे यांतला फरक इथे पहिल्यांदा उमगला.

बायोस लिहिता-पुसता येतो हे तोवर सर्वांना फार वाईट रीतीने कळून चुकले होते. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या विषाणूने जगभर, विशेषतः आशियात, संगणकांच्या हार्ड डिस्कचा मजकूर आणि जमेल तिथे बायोसही पुसला. अशा बोर्डावर प्रोसेसर, रॅम, वीज सगळे शाबूत असून डिस्प्ले येत नसे. दुकानदारांनी काढलेला उपाय धाडसी होता. तसाच दुसरा बोर्ड चालू करायचा, तो चालू असतानाच त्याच्या सॉकेटातली बायोसची चिप उपटायची, तिथे कोरी झालेली चिप बसवायची आणि तिच्यावर प्रोग्राम लिहायचा. हात थरथरला तर दोन्ही बोर्ड गेले. नव्या प्रोसेसरसाठी बायोस ‘अपडेट’ करताना मध्येच बिघडले, तरी हाच मार्ग उरे.

आणि बिघडण्याचे कारण महाराष्ट्रात रोजचे होते. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण भागात भारनियमनाने दिवसाचे कित्येक तास वीज नसे. बायोस लिहायला दोन-तीन मिनिटे लागतात. त्या मिनिटांत वीज गेली तर बोर्ड मेला. जाण्याची वेळ ठरलेली असली, तरी वीज त्या वेळेआधीही जाई. म्हणून मशीन यूपीएसवर घेतल्याशिवाय बायोसला हात लावायचा नाही, हा नियम पडला. यूपीएसची बॅटरी नीट आहे का हे आधी पाहणे आले. यापायी कित्येकांनी अपडेटच टाळले आणि नवा प्रोसेसर चालत नाही म्हणून परत केला.

त्याच्या थोड्या आधीपासून संगणक तालुक्याच्या खाली उतरत होता. १९९८ मध्ये जाहीर झालेल्या वारणा प्रकल्पाने कोल्हापूर-सांगलीच्या सुमारे सत्तर गावांत ऊस उत्पादकांसाठी संगणक ठेवले. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाची केंद्रे गावोगाव निघाली. वारणेत पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांना दिसले, की गावातल्या पीसीचा वापर ऊस आणि खताच्या ठराविक नोंदींपुरताच उरला आहे आणि तो सांभाळणे महागात पडते. त्यांनी ते काम मोबाइलच्या एसएमएसवर नेऊन दाखवले. एमएस-सीआयटीच्या वर्गांना मात्र मशीने हवीच होती. अभ्यासक्रम नव्या विंडोजवर गेला की वर्गातली सगळी मशीने एकदम जुनी ठरत. दहा बोर्ड बदलण्यापेक्षा दहा वापरलेले प्रोसेसर आणि रॅम आणणे परवडे.

ती मशीने बहुतेक ७७५ पिनांच्या सॉकेटाची. २००४ मध्ये आलेल्या या सॉकेटाने एक जुनी जबाबदारी फिरवली. तोवर पिना प्रोसेसरला असत. वाकल्या तर प्रोसेसर विकणाऱ्याचा दोष. आता त्या बोर्डावर आल्या, केसासारख्या बारीक आणि तिरप्या. प्रोसेसर ठेवताना हातून निसटला तर दोन-चार पिना लवत, आणि त्या नेमक्या महत्त्वाच्या वाटेतल्या असतील तर डिस्प्ले येत नसे. भिंगाखाली सुईने त्या सरळ करणे ही नवी कारागिरी झाली. पंखा बसवणेही अवघड होते. त्याच्या चार कोपऱ्यांतल्या प्लॅस्टिकच्या खुंट्या दाबल्यावर ‘कट्’ असा आवाज यायला हवा. तीनच बसल्या तर पंखा एका बाजूने उचललेला राहतो, मशीन चालू होते, बायोसपर्यंत जाते आणि अर्ध्या मिनिटात बंद पडते. मे महिन्यात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, हे आणखी लवकर होते. उष्णता वाहून नेणारी पेस्ट न लावताच पंखा चढवणारेही होते. जुनी वाळलेली पेस्ट खरवडून काढण्याचा कंटाळा हे त्याचे कारण.

७७५ च्या सॉकेटात पेंटियम ४ पासून २००६ च्या कोअर टू ड्युओपर्यंत सगळे बसत, पण ९१५ चिपसेटचा बोर्ड सहसा कोअर टू ड्युओ चालवत नसे. ९४५ च्या बोर्डांपैकी काही चालवत, काही नाही. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन आवृत्त्यांतही फरक पडे. उत्तर एकाच ठिकाणी असे, कंपनीने प्रसिद्ध केलेल्या यादीत : अमुक बोर्ड, अमुक आवृत्ती, अमुक बायोसपासून पुढे अमुक प्रोसेसर. अणदूरकरांना असल्या व्यवस्थेचे नवल वाटू नये. तिथला खंडोबा सुमारे सव्वादहा महिने अणदूरच्या देवळात आणि पावणेदोन महिने नळदुर्गाच्या मैलारपुरात असतो. मूर्ती एक, देवळे दोन, आणि कधी कुठे जायचे ते लेखी कराराने ठरलेले. प्रोसेसरच्या बाबतीत असा करार फक्त बोर्डवाली कंपनी लिहिते आणि वाटेल तेव्हा त्यात दुरुस्ती करते.

या यादीचा खरा उपयोग २०१२ नंतर दिसला. एच६१ चिपसेटचे स्वस्त बोर्ड दुकाने, कार्यालये आणि केंद्रांत पसरले होते. त्यांत इंटेलचे २०११ चे दुसऱ्या पिढीचे आय३ असत. पुढे शहरातल्या कंपन्यांनी काढून टाकलेले तिसऱ्या पिढीचे आय५ वापरलेल्या मालाच्या बाजारात आले आणि लोक ते आणू लागले. सॉकेट तोच, ११५५. पण जुन्या बायोसला तिसरी पिढी माहीत नसे. अपडेट केल्याशिवाय नवा प्रोसेसर उठत नाही, आणि मशीन उठल्याशिवाय अपडेट होत नाही. म्हणून क्रम असा : जुना प्रोसेसर असतानाच बायोसची आवृत्ती पाहायची, अपडेट करायचे, मशीन एकदा बंद-चालू करून खात्री करायची, आणि मगच जुना काढायचा. जुना आय३ आधीच विकून टाकलेल्याला तसा दुसरा प्रोसेसर तासाभरासाठी उसना मागावा लागे. हीच अडचण २०१८ मध्ये एएमडीच्या नव्या रायझनबाबत इतकी वाढली, की कंपनीच ग्राहकांना अपडेटपुरता जुना प्रोसेसर उसना पाठवू लागली. गल्लीतला रिवाज कंपनीच्या धोरणात आला तो असा. पुढे बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसर न बसवताही पेन ड्राइव्हवरून बायोस लिहिण्याचे बटण आले आणि उसनवारी कमी झाली.

अपडेटनेही सुटत नाही अशी गाठ २०१७ च्या अखेरीस बसली. इंटेलच्या आठव्या पिढीचा सॉकेट आकाराने सहाव्या-सातव्या पिढीचाच, ११५१. पण पिनांची वाटणी बदललेली असल्यामुळे एच११० सारख्या बोर्डावर आठवी पिढी बसते आणि चालत नाही. काही वर्षांनी याला महत्त्व आले, कारण विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच मान्य आहे आणि विंडोज १० चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एच११० वर सहाव्या पिढीचा आय३ असलेल्या मशीनला प्रोसेसर बदलून या अटीत बसवता येत नाही. बोर्डच बदलावा लागतो, आणि बोर्डाबरोबर कधीकधी रॅमही. लॅपटॉपमध्ये तर आता प्रोसेसर बहुधा बोर्डाला सोल्डर करूनच येतात, त्यामुळे तिथे हा प्रश्नच उरलेला नाही.

जिथे प्रोसेसर अजून बदलता येतो, तिथे बिघाडाचा एक नवा प्रकार आला आहे. एएमडीच्या प्रोसेसरांत सुरक्षेची किल्ली सांभाळणारा टीपीएम प्रोसेसरमध्येच असतो. प्रोसेसर बदलला की पहिल्या सुरुवातीला पडद्यावर प्रश्न येतो : जुनी नोंद पुसून नवी करायची का, वाय की एन. इथे डिस्प्ले येतो, बीप येते, सगळे ठीक असते. घाईने वाय दाबले आणि डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद केलेली असली, तर विंडोज अठ्ठेचाळीस आकडी पुनर्प्राप्ती किल्ली मागते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, आणि ते खाते अनेकदा मशीन विकत देताना दुकानदाराने स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडलेले असते.